विंडोज सोडली तर जुनी सॉफ्टवेअरं चालतील का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझा लॅपटॉप विंडोज ११ घ्यायला तयार नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणतो. मशीन तर ठणठणीत आहे. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर विंडोजची सॉफ्टवेअरं त्यावर चालतील का? पुढे तरी हे सुधारणार आहे का?

उत्तर : बरीचशी चालतील, पण कुठली ते आधी बघून घ्या, डोळे झाकून उडी नको. 'वाईन' नावाचा प्रकल्प १९९३ पासून हेच काम करतोय. लोकांना वाटतं लिनक्सच्या पोटात एक छोटी विंडोज चालू असते, तसं काही नसतं. प्रोसेसर तोच असल्यामुळे प्रोग्राम थेट चालतो, अडतं ते त्याने सिस्टिमकडे काही मागितलं की. समजा त्याने सी ड्राइव्हवरची एखादी फाईल मागितली, तर वाईन मधल्या मधे ती मागणी पकडतं आणि तुमच्या होम फोल्डरमध्ये लपलेल्या 'ड्राइव्ह_सी' नावाच्या साध्या फोल्डरमधून ती फाईल काढून देतं, बिचाऱ्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. लिनक्स सहसा कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करतं, विंडोज करत नाही, तेही सांभाळून घ्यावं लागतं. अशा मागण्या हजारो आणि त्यातल्या कित्येक नीट लिहून ठेवलेल्याच नाहीत, म्हणून वाईनची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं.

२०१८ मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने विंडोजच्या गेम लिनक्सवर चालवायला वाईनवरच बेतलेलं 'प्रोटॉन' आणलं, सोबत डायरेक्टथ्रीडी या विंडोजच्या पद्धतीचं ग्राफिक्स लिनक्सवर चालणाऱ्या वल्कन पद्धतीत फिरवणारं डीएक्सव्हीके, आणि २०२२ ला स्टीम डेक नावाचं लिनक्सवर चालणारं गेमिंग मशीनच विकायला काढलं. म्हणजे जिथे कोणीतरी पगार देऊन माणसं बसवली तिथे गाडं सुसाट पळालं. ॲडोबी लिनक्ससाठी फोटोशॉप काढत नाही, ते काय जमत नाही म्हणून? मर्जी नाही, बस. त्यामुळे पुढे काय होणार हे विचारताना तंत्राकडे कमी आणि कंपन्यांच्या मर्जीकडे जास्त बघा असं माझं मत.

प्रश्न : मग काही ऑनलाईन गेम लिनक्सवर अजिबात का उघडत नाहीत? एक तर आधी चालायची आणि नंतर बंद झाली.

उत्तर : तेच ते, मर्जी. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या गेममध्ये चीटिंग करणारे पकडणाऱ्या दोन्ही सिस्टिम २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, फक्त गेम बनवणाऱ्याने परवानगी द्यायची. काही देतच नाहीत. 'एपेक्स लेजंड्स' चालत होती, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये चीटिंगचं कारण देऊन ती बनवणाऱ्यांनी लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. त्यांच्या बाजूलाही थोडं तथ्य आहे हं, ज्या सिस्टिमचा कर्नल, म्हणजे अगदी आतला गाभा, कोणीही बदलून घेऊ शकतो तिथे पहारा ठेवणं अवघडच. पण त्यात नियमाने खेळणाराही भरडला जातो.

प्रश्न : लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये वर्डची फाईल उघडली की टेबल पुढच्या पानावर उडी मारतं. फॉरमॅट तर आता स्टँडर्ड आहे ना?

उत्तर : आहे, एक सोडून दोन आहेत! लिब्रेऑफिस वापरतं ते ओडीएफ २००६ ला आयएसओ (आंतरराष्ट्रीय) स्टँडर्ड झालं, मायक्रोसॉफ्टचं ओओएक्सएमएल, म्हणजे वर्डची डॉकएक्स फाईल, २००८ ला, आणि त्यातही 'स्ट्रिक्ट' आणि 'ट्रान्झिशनल' असे दोन प्रकार. वर्ड मुळात ट्रान्झिशनलमध्ये सेव्ह करतं, ज्यात जुन्या ऑफिसच्या सगळ्या सवयी तशाच आल्यात. पण तुमच्या टेबलाचा गुन्हेगार बहुतेक फाँट असणार. फाईल कॅलिब्रीत असेल आणि तुमच्याकडे ती नसेल तर दुसरी फाँट लागते, अक्षरं जराशी रुंद होतात, एक शब्द खालच्या ओळीत जातो, ओळ वाढली की टेबल गेलंच पुढच्या पानावर. 'कार्लिटो' फाँट टाका, तिच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम कॅलिब्रीइतकीच ठेवलीय. समोरच्याला फक्त वाचायचं असेल तर सरळ पीडीएफ पाठवा ना.

प्रश्न : लिनक्सचे इतके डिस्ट्रो (वेगवेगळे अवतार) आहेत, एका डिस्ट्रोचं ॲप दुसऱ्यावर चालत नाही, हे कधी संपणार?

उत्तर : डिस्ट्रो काही संपणार नाहीत, पण भांडण निवळतंय. फ्लॅटपॅक या कुठल्याही डिस्ट्रोवर ॲप टाकायच्या पद्धतीत ॲपला लागणाऱ्या लायब्ररी (अनेक ॲप वापरतात ते तयार कोड) वेगळ्या येतात, डिस्ट्रोच्या लायब्ररीवर अवलंबून राहावं लागत नाही, जागा मात्र जास्त खातं. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सचा कर्नलपुरता नियम जुना आणि कडक आहे, चालू प्रोग्राम मोडायचा नाही, मोडतोड व्हायची ती वरच्या लायब्ररींत. गंमत म्हणजे यामुळेच कधी कधी जुन्या गेमची विंडोज आवृत्ती वाईनमधून नीट चालते आणि तिचीच लिनक्स आवृत्ती रुसून बसते.

प्रश्न : लिनक्सऐवजी रिॲक्टओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरू का? ती तर थेट विंडोजसारखीच आहे म्हणे.

उत्तर : रोजच्या कामाला नको. १९९० च्या दशकापासून चाललीय आणि अजून अल्फातच, म्हणजे कच्च्या चाचणी अवस्थेतच आहे. हौस म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे चालू सिस्टिमच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरमध्ये, बघा. लॅपटॉपसाठी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, काही इन्स्टॉल न करता त्यावरून सुरू करा आणि वायफाय, प्रिंटर, झोपवून उठवणं एवढं तपासा, मग ठरवा.