हिरवी शाई, निळी शाई

आईने पिशवीतून एकेक पुस्तक काढून माझ्या टेबलावर रचलं. एकूण सात. मुखपृष्ठांवर अंतराळयानं, पंख असलेले प्राणी, धुक्यातले दरवाजे. वडील शेजारी गप्प बसून होते. "मॅडम, सहा महिने झाले, ती याशिवाय काही वाचत नाही," आई म्हणाली. "जेवताना हेच, झोपताना हेच. विचारलं तर म्हणते, माझा एक ग्रह आहे. मार्क घसरलेत. 'सुट्टीत मी काय केले' या निबंधात लिहून आली की मी दोन सूर्यांच्या ग्रहावर गेले होते! बाईंनी शून्य दिलं आणि खाली लिहिलं, खोटं लिहू नये. हिला खरं-खोटं कळेनासं तर झालं नाही ना?"

मुलगी अकरा वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.) तीन आठवड्यांपूर्वी ही सातही पुस्तकं कपाटात कुलपाआड गेली होती.

विज्ञानकथा आणि अद्भुतरम्य साहसकथा वाचणाऱ्या मुलांचे पालक हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारतात की तोंडाशी उत्तर तयारच असतं. त्या तयार उत्तरानेच या वेळी समुपदेशनाची माझी दोन सत्रं वाया घालवली. पुस्तकात बुडालेलं मूल कशापासून तरी पळत असणार, असं मी मनाशी धरून चालले होते. शाळेत कोणी चिडवतं का, मैत्रीण दुरावली का, घरात भांडणं होतात का, सगळं आडून आडून विचारून पाहिलं. दुसऱ्या सत्राच्या शेवटी ती कंटाळून म्हणाली, "तुम्ही सारखं मला कोण त्रास देतं ते शोधताय. कोणी देत नाही. फक्त पुस्तकं काढून घेतलीत."

तिसऱ्या वेळी मी तिला तिची वही आणायला सांगितलं.

वहीत नकाशे होते, तिने बनवलेली लिपी होती, दोन सूर्यांचं कॅलेंडर होतं. मी मोठ्या समजूतदारपणे म्हटलं, "छान कल्पना आहे, दोन सूर्य!" तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "कल्पना नाही. केपलर-१६बी. २०११ मध्ये सापडला. दोन ताऱ्यांभोवती २२९ दिवसांत एक फेरी मारतो." रात्री घरी जाऊन पडताळून पाहिलं. सगळं बरोबर निघालं. ते दोन तारेसुद्धा ४१ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, हे मला तेव्हा कळलं. तिला ते आधीच माहीत होतं, कॅलेंडर त्यावरच बेतलेलं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की वहीत दोन रंगांची शाई आहे. काही ओळी निळ्या, काही हिरव्या. मी कारण विचारलं.

"निळं म्हणजे खरं, कुठेतरी वाचलेलं. हिरवं म्हणजे मी बनवलेलं."

तो ग्रह शनीएवढा आहे, हे निळ्यात. त्यावर उभं राहता येणार नाही म्हणून माणसं त्याच्या चंद्रावर राहतात, हे हिरव्यात, कारण असा चंद्र सापडलेला नाही. प्रकाशालाच तिथे पोचायला सुमारे २४५ वर्षं लागतात, हे पुन्हा निळ्यात. म्हणून जे निघतात ते पोचतच नाहीत; ते वाटेत म्हातारे होतात आणि पोचतात ते त्यांच्या नातवंडांचे नातू. या हिरव्या ओळीखाली तिने स्वतःलाच प्रश्न विचारला होता: त्या मुलांना पृथ्वीची आठवण कोण सांगेल?

एका पानावर भागाकार होता. अकरा वर्षांचे दिवस भागिले २२९. उत्तर साडेसतरा. म्हणजे अकरावा वाढदिवस झाला त्या दिवशी ती तिथल्या हिशेबाने साडेसतरा वर्षांची होती. मार्क कमी पडले होते त्या विषयांत गणितही होतं, हे इथे सांगायला हवं.

पुढच्या भेटीत ती वही मी तिच्या परवानगीने आईवडिलांसमोर ठेवली. आईने ती आजवर उघडलेली नव्हती. खरं आणि खोटं यांतली रेघ मुलीला दिसत नाही, ही भीती घेऊन ते आले होते, आणि मुलगी ती रेघ रोज दोन पेनांनी आखत होती. कल्पनेतलं आणि प्रत्यक्षातलं वेगळं असतं, हे बहुतेक मुलांना शाळेत जाण्याच्या आधीपासून बऱ्यापैकी उमगू लागतं. स्वतःचं आखं जग रचणाऱ्या मुलांचे दाखलेही जुने आहेत. १८२६ साली इंग्लंडमधल्या ब्राँटे भावंडांच्या वडिलांनी मुलाला लाकडी शिपायांचा संच आणून दिला. त्या शिपायांवरून चारही भावंडांनी काल्पनिक राज्यं वसवली आणि त्यांचा इतिहास तळहातावर मावतील अशा वह्यांमध्ये बारीक अक्षरात लिहिला. त्यांतल्या तिघी बहिणी पुढे मोठ्या लेखिका झाल्या. तुमची मुलगीही होईल, असं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. अशा वह्या बहुधा काही वर्षांनी माळ्यावर जातात आणि त्यात काही बिघडत नाही.

"पण मार्कांचं काय?" वडिलांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

प्रश्न रास्त होता. कारण साधं निघालं, आणि ते मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. ती झोपत नव्हती. आधी रात्री अकरापर्यंत वाचायची. पुस्तकं कुलपात गेल्यावर मैत्रिणीकडून आणलेली पुस्तकं पांघरुणात, टॉर्च लावून, त्याहूनही उशिरापर्यंत. सहा ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. हिला जेमतेम साडेसहा मिळत होती. बंदीने वाचन थांबलं नाही, फक्त घरात लपवाछपवी सुरू झाली.

साहसकथांचा इथे थोडा दोष आहेच. त्यांचं प्रत्येक प्रकरण नायकाला कड्यावर लोंबकळत ठेवून संपतं. 'हे प्रकरण संपलं की झोप' हा घरोघरचा नियम म्हणूनच फसतो. मी तिला उलटं सुचवलं: प्रकरण संपायच्या दोन पानं आधी थांब. हे तिला पटायला वेळ लागला, पण जमलं. पुस्तकं कपाटातून बाहेर आली. रात्री साडेनऊला ती बैठकीच्या खोलीत ठेवायची, टॉर्चसकट. आणि वडिलांनी त्या सातांतलं कोणतंही एक वाचायचं. परीक्षा घ्यायची नाही, स्वतःला पडलेलं काहीही विचारायचं.

काळजी कधी करावी, हेही सांगते. असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. तो एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायचा, त्यातही फक्त शेवट, जिथे नायक कायमचा दुसऱ्या जगात राहून जातो. तो काही रचत नव्हता, कोणाला सांगत नव्हता. खेळ सुटला होता, मित्र सुटले होते, अंघोळीलाही आढेवेढे. तिथे माझं ते तयार उत्तर खरं होतं, आणि पुस्तक काढून घेतलं असतं तर त्याचा तेवढाही आसरा गेला असता. कथेतलं कोणी आपल्याला खरोखर आज्ञा देतं असं मूल गंभीरपणे म्हणू लागलं, उडता येईल या खात्रीने उंचीवर चढू लागलं किंवा इतर सगळ्यातून मन काढून घेऊ लागलं, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. निव्वळ किती पुस्तकं वाचली या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही.

दोन महिन्यांनी ते तिघं आले. गणित सावरलं होतं, विज्ञान थोडं. भाषेत अजून गाडी अडलेली. वडील मात्र मला न विचारताच सांगू लागले, दोन सूर्य असतील तर प्रत्येक माणसाला दोन सावल्या पडतील, हे लेखकाच्या लक्षातच आलेलं नाही! त्यावर घरात तीन दिवस वाद चालला होता म्हणे.

निघताना मी मुलीकडे निबंधाचा विषय काढला. बाईंचा शेरा मला कठोर वाटला होता, तरी त्यांनी सुट्टीत घडलेलं विचारलं होतं, हेही खरं. तिने क्षणभर विचार केला.

"म्हणजे तिथे निळी शाई होती. मग त्यांनी आधी सांगायचं ना."