1776 ची नोट धुऊ नका, इस्त्रीही करू नका

9 मे 1776 ची सहा डॉलरची काँटिनेंटल नोट, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या काँग्रेसनं काढलेलं कागदी चलन, मळकी, मधल्या घडीवर विरत चाललेली. धुऊन-दाबून सरळ करावी का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको. माझी त्याच काळातली एक नोट एका फ्रेमवाल्याच्या ओल्या फडक्यानं आणि गरम प्रेसनं कायमची गेली, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

हा चिंध्यांचा, हातानं केलेला कागद. त्याला सरसाची खळ असते, कडकपणा तिचाच. पाण्यात ती सुटते आणि नोट जुन्या धोतरासारखी लुळी पडते. क्रमांक आणि सह्या हातानं लिहिलेल्या. एक सही बहुधा लाल, दुसरी तपकिरी-काळी. लाल शाई ओलाव्यानं पसरते. शिवाय छपाई खिळ्यांची, म्हणजे धातूच्या अक्षरांची. अक्षरांचा दाब कागदात रुतलेला असतो, तिरप्या उजेडात पाठीमागून दिसतो. इस्त्रीनं तो सपाट झाला की जाणकार लगेच ओळखतो, आणि ग्रेडिंगवाले, म्हणजे नोटेची अवस्था तपासून दर्जा ठरवणारे, 'धुतलेली, दाबलेली' असा शेरा मारतात. मळ असलेली नोट परवडली. विक्रेते 'हलकी स्वच्छ केलीय' असं कौतुकानं सांगतात, याचा मला खरंच संताप येतो.

घडीला सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. जुनी दोऱ्याची शिवण किंवा टाचणीची भोकं असतील तर राहू द्या, त्या काळी फाटलेल्या नोटा लोक अशाच शिवून चालवत. घडी सुटतच असेल तर कागद-संवर्धकाकडून पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढंच करून घ्या. ते पुढे काढता येतं. मी स्वतः संवर्धक नाही, त्यामुळे नोट प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं म्हणणं माझ्यापेक्षा वरचं धरा.

त्याआधी नोट खरी आहे का, हे बघा. पुढे झाड कुरतडणारा बीव्हर (पाण्याकाठी राहणारा, मोठ्या घुशीसारखा प्राणी), मागे पानाचा ठसा आणि फिलाडेल्फियाचे छपाईवाले हॉल आणि सेलर्स यांचं नाव हवं. पानाचा ठसा खऱ्या पानाच्या साच्यातून घेतलेला, ही बेंजामिन फ्रँकलिनची युक्ती. शिरा टोकाकडे बारीक होत जातात, एकसारख्या जाडीच्या नसतात. कागद उजेडात फिरवा, अभ्रकाचे कण चमकतील, निळे धागेही दिसतील. तपकिरी, कुरकुरीत, चर्मपत्रासारखा कागद आणि छापील सह्या दिसल्या तर ती पर्यटकांसाठीची नक्कल. त्या काळातच केलेली बनावट मात्र टाकू नका, तिलाही गिऱ्हाईक असतं. युद्धात इंग्रजांनीही अशा बनावट नोटा पाडल्या होत्या.

ठेवायला पॉलिएस्टरचं पाकीट घ्या. मऊ पीव्हीसीचं नको, ते चिकट होतं. आणि कडा वाकड्या दिसतात म्हणून कात्री लावू नका. नोटा हातानंच कापत, वाकड्या कडा मुळातल्याच आहेत.