वाचक विचारतात: एडिटिंगच्या अडचणी

प्रश्न: भाऊ, मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आफ्टर इफेक्ट्समध्ये, म्हणजे चित्रं हलवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. आमंत्रणाच्या क्लिपमध्ये नकाशावरून वरातीची गाडी धरमपेठहून निघते, झिरो माइलला दोन सेकंद थांबते आणि सदरवरून कोराडी रोडच्या हॉलवर जाते. पण थांबल्यावर गाडी आपोआप थोडी पुढे सरकते, मग मागे येते! थांब्याच्या दोन्ही कीफ्रेमचा (कोणत्या वेळी गाडी कुठे हे ठरवणाऱ्या खुणांचा) आकडा एकच आहे, मग असं काहून होऊन राहिलं? आणि सगळ्यावर इझी ईझ (हळूहळू थांबणं नि निघणं) लावलं तर गाडी प्रत्येक चौकात दम खात चालते. (एक वाचक, नागपूर)

आकडा एकच असला तरी रस्ता एक नसतो ना भाऊ, इथंच घोळ आहे. पोझिशनच्या, म्हणजे जागेच्या कीफ्रेमला दोन इंटरपोलेशन (दोन कीफ्रेममधला प्रवास भरायच्या पद्धती) असतात, एक स्पेशियल म्हणजे स्क्रीनवर कुठून जायचं आणि दुसरं टेम्पोरल म्हणजे किती वेगानं जायचं. स्पेशियलचं डिफॉल्ट ऑटो बेझियर, म्हणजे आपोआप गोलाई देणारं असतं, ते आजूबाजूच्या कीफ्रेम बघून स्वतःच हँडल, म्हणजे रस्ता वाकवणारी दांडी काढतं. धरमपेठकडून आलेल्या गाडीचं हँडल पुढे निघतं, सदरकडे जाणाऱ्या कीफ्रेमचं मागे येतं, आणि मधल्या दोन सेकंदात गाडी त्या छोट्या वळशावर फिरून येते.

थांब्याच्या दोनच कीफ्रेम सिलेक्ट करा, कंट्रोल आल्ट के दाबून कीफ्रेम इंटरपोलेशनचा डायलॉग उघडा आणि स्पेशियलला लिनियर, म्हणजे सरळ रेषेत करा. सगळ्या कीफ्रेम नका करू, नाहीतर चौकातली गोल वळणं काटकोनात मोडतील अन् मग पुन्हा मलाच लिहाल. याहून सोपं म्हणजे थांब्याच्या पहिल्या कीफ्रेमला होल्ड लावा, पुढची कीफ्रेम येईपर्यंत गाडी जागची हलणारच नाही.

आता दम खाण्याचं. इझी ईझ म्हणजे त्या कीफ्रेमवर वेग शून्य, त्याची की एफ नाइन सगळ्यांवर दाबलं की प्रत्येक चौकात ब्रेक लागणारच. ते फक्त जिथं गाडी खरंच निघते नि थांबते तिथं ठेवा. मधल्या कीफ्रेमना त्याच डायलॉगमध्ये रोव्ह अक्रॉस टाइम द्या, मग त्यांची वेळ सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं आणि वळणातून वेग एकसारखा राहतो. मला विचाराल तर नव्या एडिटरनं प्रीसेटचे (तयार इफेक्टचे) पॅक डाउनलोड करण्याआधी हे रोव्हिंग शिकावं, पण ते मेनूत आत दडलेलं असतं म्हणून कोणी बघतच नाही. इझी ईझचा इन्फ्लुएन्स, म्हणजे वेग बदलायला किती वेळ घ्यायचा तो वाटा, ३३ टक्के असतो, गाडी निघताना जास्त रुबाबात निघावी वाटलं तर ग्राफ एडिटरमध्ये ७०-७५ पर्यंत ओढा.

प्रश्न: भारताच्या नकाशावरून नागपूरपर्यंत झूम करतो, स्केल (आकार) १०० ते १६०० टक्के, चार सेकंद, लिनियर म्हणजे एकसारख्या गतीनं. तरी सुरुवातीला झपकन जातं नि शेवटी रेंगाळतं. (एक वाचक, सदर)

सॉफ्टवेअर सेकंदाला बरोबर ३७५ टक्के वाढवतं, त्यात फरक नाही. पण डोळा वाढ मोजत नाही, किती पट झालं ते बघतो. पहिल्या सेकंदात १०० चे ४७५, म्हणजे पावणेपाच पट, आणि शेवटच्या सेकंदात १२२५ चे १६००, म्हणजे सव्वा पटीच्या जरासं वर. एकसारखं दिसायला दर सेकंदाला दुप्पट व्हायला पाहिजे, १००, २००, ४००, ८००, १६००. कीफ्रेम असिस्टंटच्या मेनूत एक्स्पोनेन्शियल स्केल आहे तेच हे करतं, फक्त ते प्रत्येक फ्रेमवर कीफ्रेम टाकतं म्हणून टायमिंग आधी पक्कं करून घ्या, नंतर बदलायला डोकं दुखतं.

आणि हो, १९२० पिक्सेल रुंदीचा फोटो १६०० टक्क्यांवर फुटणारच. तेवढ्या झूमला ३०,७२० पिक्सेल रुंदीचा नकाशा लागेल आणि आफ्टर इफेक्ट्स ३०,००० च्या वर घेत नाही. त्यापेक्षा भारत, विदर्भ आणि शहर असे तीन वेगळे नकाशे एकावर एक ठेवून झूम चालू असतानाच फेड करा, नाहीतर व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांचा) नकाशा घेऊन कंटिन्युअसली रास्टराइजचा स्विच चालू करा, म्हणजे तो प्रत्येक आकाराला नव्यानं काढला जातो.