मंचाची भीती आणि शाळेतले उपक्रम: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे. घरी बडबड करते, पण शाळेत गप्प. वक्तृत्व स्पर्धेत मीच आग्रहाने तिचं नाव दिलं. स्पर्धेच्या सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं, म्हणून घरी ठेवलं. तासाभरात ती अगदी ठणठणीत! हे नाटक समजायचं का?

उत्तर: नाही, पोट खरंच दुखतं. भीतीने आतड्यांची हालचाल बदलते. ‘आज जायचं नाही’ हे ठरताच दुखणं थांबतं, आणि गोची तिथेच आहे. सुटका झाल्यावर जे हायसं वाटतं त्यातून मेंदू एकच धडा घेतो: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी पोट आधीच्या संध्याकाळपासूनच दुखू लागतं.

चूक नाव देण्यात झाली असं नाही, पायरी चुकली. वक्तृत्व हे जिन्याचं वरचं टोक आहे. तिच्याबरोबर बसून शाळेतल्या प्रसंगांना ० ते १०० असे भीतीचे आकडे द्या. आकडे तिने सांगायचे, तुम्ही नाही. ३०-४० च्या आसपासच्या प्रसंगापासून सुरुवात करा. त्यासाठी शाळेचा परिपाठ फार सोयीचा, कारण तो रोज असतो आणि त्यात नंबर काढत नाहीत. आधी फळ्यावर सुविचार लिहायचा. मग मैत्रिणीबरोबर बातम्या वाचायच्या, दोन तिने, दोन हिने. त्यानंतर दिनविशेषाच्या चार ओळी एकटीने, कागदात बघून. पुढे वर्गात दोन मिनिटं बोलायचं. प्रत्येक पायरी तीन-चारदा तरी करायची आणि आकडा निम्म्यावर आला की मगच पुढची. एकदा जमलं म्हणून लगेच उडी मारली की बहुतेकदा घसरण होते.

आदल्या दिवशी वहीत तिने एक वाक्य लिहावं: ‘उद्या काय होईल असं वाटतं?’ परत आल्यावर त्याखाली ‘खरं काय झालं?’ ही वही कुठल्याही शाबासकीपेक्षा जास्त काम करते.

गॅदरिंगमध्ये पडदा ओढणं, नेपथ्य, लेझीम पथक हेही चांगलं, पण पायरी म्हणून. तीन वर्षं पडद्यामागेच राहिली तर ती लपण्याची जागा होते.

मात्र सहा महिन्यांहून जास्त काळ हेच चाललं असेल, इतरांसमोर डबा खाणं, बाईंना शंका विचारणं किंवा शाळेत जाणंच टळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आधी फोनवरही बोलता येतं. आणि घरातल्या कुणाची रक्तदाबाची गोळी ‘धडधड थांबते’ म्हणून तिला देऊ नका. त्यातल्या काही गोळ्या दम्याच्या मुलांना धोक्याच्या असतात.

प्रश्न: मी दहावीत आहे. भाषण तोंडपाठ असतं, पण उभा राहिलो की हात थरथरतात आणि मधलंच वाक्य गायब होतं. सगळ्यांना दिसतं!

उत्तर: तुला वाटतं तितक्यांना दिसत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून वर्गात पाठवलं होतं. निम्म्या मुलांच्या लक्षात येईल असं टी-शर्ट घातलेल्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव मुलांच्या लक्षात आलं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

शब्दन्‌शब्द पाठ करू नकोस, एक कडी निसटली की पुढची सापडत नाही. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच पाठ. मधले चार-पाच मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिही. वहीचा पातळ कागद थरथर वाढवून दाखवतो आणि माइकजवळ फडफडतोही. हात आवळून धरलास तर कंप वाढेल, सैल सोड. ‘मी कसा दिसतोय’ याची आतून पाहणी सुरू झाली की मुद्दा सुटतो, म्हणून नजर बाहेर ठेव: डावीकडे, मध्ये, उजवीकडे एकेक ओळखीचा चेहरा. उभं राहण्याआधी चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच वेळा. वाक्य गेलंच तर पुठ्ठ्याकडे बघ आणि पुढचा मुद्दा घे. गाळलेलं वाक्य फक्त तुलाच माहीत असतं.

प्रश्न: मी वर्गशिक्षिका आहे. अशा मुलाचं नाव मीच यादीत लिहावं का?

उत्तर: सगळ्यांसमोर पुकारून नको. मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन दोन कामं पुढे ठेवा, ‘बातम्या वाचशील की आभार मानशील?’ आणि निवड त्याला करू द्या. तारीख निदान आठवडाभर आधी सांगा. वाचून झाल्यावर ‘बघा, आज बोलला बरं का!’ असं मात्र वर्गात म्हणू नका.