वेश रंगमंचावरचा, ओळख ज्याची त्याची

प्रश्न : माझा मुलगा कॉलेजच्या गॅदरिंगला नऊवारी नेसून लावणी करतो. हल्ली ड्रॅगचे (भडक मेकअप आणि वेश करून स्टेजवर सादर होणाऱ्या कलेचे) व्हिडिओही बघतो. तो 'तसा' असेल का?

उत्तर : लावणीवरून ते कळत नाही. बालगंधर्व 1911 साली 'मानापमान'मध्ये भामिनी झाले. त्यांची साडी नेसण्याची ढब घरंदाज बायका उचलत. घरी ते संसारी पुरुष होते आणि प्रेक्षकांना त्यात काहीच खटकलं नाही. गणपत पाटलांच्या वाट्याला मात्र उलटं आलं. तमाशापटांत त्यांनी नाच्या इतका हुबेहूब उभा केला, की बायकामुलं असलेल्या या माणसाकडे लोक त्याच नजरेने पाहत राहिले. भूमिकेवरून माणूस ठरवला की असे घाव बसतात.

उद्या मुलाने स्वतःहून सांगितलं, की मला मुलगे आवडतात किंवा मी मुलगी आहे (या दोन वेगळ्या गोष्टी आहेत), तर ते शांतपणे ऐकून घ्या. लावणीला दोष देऊ नका. आणि 'तसा' हा शब्द आजच घरातून हद्दपार करा. तो मुलांच्या कानावर जातोच.

प्रश्न : ट्रान्स स्त्रीने ड्रॅग करायचं म्हणजे काय? ती तर बाईच आहे ना?

उत्तर : बाईच आहे; जन्मावेळी तिला मुलगा म्हटलं गेलं, एवढंच. पण पुरुषाने बाईचं सोंग घेणं, एवढाच ड्रॅगचा अर्थ नाही. मेकअप कसा चढतो ते बघा. भुवया ग्लू स्टिकने त्वचेला सपाट चिकटवतात, वर पावडर, मग फाउंडेशन आणि नवी भुवई पार कपाळावर रेखतात. कमरेला फोम, त्यावर एकावर एक स्टॉकिंग्ज. असा चेहरा रस्त्यावरच्या कुठल्याच बाईचा नसतो. तो मुद्दाम भडक रंगवलेला असतो आणि तो कुणीही रंगवू शकतं.

हे ड्रॅगच्या जगालाही भांडूनच पटवावं लागलं. 2018 मध्ये 'ड्रॅग रेस' ही अमेरिकन टीव्ही स्पर्धा चालवणारे ड्रॅग कलाकार रूपॉल यांनी एका मुलाखतीत ट्रान्स स्त्रियांना आपल्या स्पर्धेत घेण्याबद्दल शंका काढली. टीका झाली, त्यांनी माफी मागितली. त्याच 'ड्रॅग रेस'मध्ये 2021 साली गॉटमिक हा ट्रान्स पुरुष अंतिम फेरीत पोचला आणि 2023 साली साशा कोल्बी ही ट्रान्स स्त्री जिंकली. पुरुषी वेश करणारे ड्रॅग किंगही असतात. त्यांची दखल फार कमी घेतली जाते, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : कलाकाराबद्दल बोलताना 'आला' म्हणू की 'आली'?

उत्तर : स्टेजवरच्या राणीला, म्हणजे बाईचा वेश केलेल्या ड्रॅग क्वीनला, बहुतेक वेळा 'ती' चालतं. मेकअप उतरल्यावर सरळ विचारा, "तुमच्याबद्दल बोलताना काय म्हणू?" तोवर 'तुम्ही' म्हणा. "तुम्ही कधी आलात?", "काय सुरेख नाचलात!" यात अडचणच येत नाही. तिसऱ्याला सांगताना मात्र 'आले' की 'आल्या' हे ठरवावंच लागतं. चुकलात तर "सॉरी, आल्या" म्हणा आणि पुढे बोला. लांबलचक माफी मागितली की त्यांनाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

प्रश्न : खरं नाव विचारलं तर चालेल?

उत्तर : नको. शस्त्रक्रियेबद्दलही नको. विगला किंवा अंगाला विचारल्याशिवाय हात लावू नका. फोटो टाकताना स्टेजवरचंच नाव लिहा. अनेकांच्या घरी यातलं काहीच माहीत नसतं आणि एका टॅगमुळे कुणाला घर सोडावं लागू शकतं.