मुलांसोबत पहिल्यांदा पणत्या रंगवताना

सुरुवात सहा पणत्यांपासून करावी. पहिल्या दिवाळीत मी दोन डझन आणल्या आणि निम्म्या कोऱ्याच राहिल्या. खानापूरकडच्या कुंभारांच्या पणत्या मिळाल्या तर उत्तम, मात्र त्या दोन-तीन तास पाण्यात भिजवून पुढे पूर्ण दिवस वाळवाव्यात, कारण नवशिके नेमके हे वाळवणेच टाळतात आणि मग ओलसर मातीवरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. आधी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा एक हात द्यावा. मुलांपुढे दोनच रंग ठेवावेत, नाहीतर सगळ्याचा चिखल होतो (तोही त्यांना आवडतो, हे खरे). वात टेकते ती चोच आणि आतली बाजू मात्र कोरीच ठेवावी, कारण ज्योतीजवळचा रंग जळतो. आरसे, कुंदन पुढच्या वर्षी पाहता येतील.