खानदेशातून जर्मनीतील आयएचसी प्रयोगशाळेत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

अमळनेरच्या एका ताईंनी विचारले आहे की, जळगावच्या विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून त्या सध्या खाजगी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या नमुन्यांवर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे आयएचसी (अँटीबॉडी लावून ऊतीतले ठरावीक प्रथिन रंगाने दाखवण्याची पद्धत), करतात. विषशास्त्राच्या संशोधकांना हीच सेवा देणाऱ्या जर्मनीतील प्रयोगशाळेत जायचे असेल, तर आधी जर्मन शिकावे, तिकडे दुसरी पदवी घ्यावी की थेट अर्ज करावेत? मी मूळचा चोपडा तालुक्यातला असून जर्मनीत याच कामावर आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

ताई, माझे स्पष्ट मत असे आहे की, या तिन्हींच्या आधी भारतातल्याच एखाद्या जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस, म्हणजे सुरक्षितता-चाचण्या कशा कराव्यात आणि नोंदवाव्यात याचे नियम) प्रमाणित प्रयोगशाळेत दोनेक वर्षे काम करावे. सुरक्षितता-चाचण्यांच्या निष्कर्षांना परस्पर मान्यता देण्याच्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्यवस्थेत भारत २०११ पासून पूर्ण सहभागी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या जीएलपी प्रयोगशाळेत नियमांनुसार झालेला अभ्यास जर्मनीतही ग्राह्य धरला जातो. साहजिकच तिथल्या रॉ डेटावर, म्हणजे मूळ नोंदींवर, सह्या करून आलेल्या माणसाला इथे पहिल्यापासून शिकवावे लागत नाही. अशा प्रयोगशाळा हैदराबाद, बेंगळुरू, अहमदाबादकडे आहेत आणि वापीजवळही आहे. सुरत-भुसावळ मार्गावर राहणाऱ्यांना वापी काही फार लांब नाही. जीएलपीचे प्रमाणपत्र प्रयोगशाळेला मिळते, व्यक्तीला नाही, हे लक्षात ठेवून ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नयेत.

हा आग्रह धरण्याचे कारण कामातच आहे. तुम्ही आज ईआर, पीआर आणि हर-टू या स्तनाच्या कर्करोगाच्या चाचण्यांच्या अँटीबॉडी लावता ते माणसाच्या ऊतीवर, आणि त्या अँटीबॉडी माणसाच्या ऊतीसाठीच पारखून बाजारात आलेल्या असतात. विषशास्त्रात ब्लॉक (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) माऊसचा, रॅटचा, कुत्र्याचा, मिनिपिगचा किंवा माकडाचा येतो आणि तिथे कोणतीही अँटीबॉडी चालेलच असे गृहीत धरता येत नाही. विभाजित होणाऱ्या पेशींत दिसणाऱ्या केआय-६७ या प्रथिनाचेच पाहा. रुग्णांच्या गाठींसाठी सर्रास वापरला जाणारा एमआयबी-१ हा क्लोन (अँटीबॉडीचा ठरावीक वाण) रॅटच्या ऊतीवर चालत नाही, तिथे एसपी-६ सारखा सशापासून मिळवलेला क्लोन घ्यावा लागतो. माऊसच्या ऊतीवर माऊसचीच अँटीबॉडी लावली, तर दुय्यम अँटीबॉडी (पहिल्या अँटीबॉडीला चिकटून रंग आणणारी) ऊतीत आधीपासून असलेल्या इम्युनोग्लोब्युलिनलाही चिकटते आणि बॅकग्राउंड इतके वाढते की खरा रंग ओळखू येत नाही. यकृतात आणि मूत्रपिंडात बायोटिन मुळातच भरपूर असल्यामुळे जुनी अ‍ॅव्हिडिन-बायोटिन पद्धतही तिथे फसवते, म्हणून बायोटिनविना चालणारे पॉलिमर किट वापरतात.

समजा, एका नव्या कीटकनाशकाच्या अभ्यासात जास्त मात्रा दिलेल्या रॅटच्या यकृताचे वजन वाढले. पेशी नुसत्या फुगल्या की विभाजित होऊ लागल्या, हे संशोधकाला कळायला हवे, कारण पुढे गाठी होण्याचा धोका जोखताना ते विचारात घेतले जाते. आता प्रौढ रॅटच्या निरोगी यकृतात केआय-६७ला रंगणारी केंद्रके तुरळकच असतात. मग कंट्रोल गटाची (रसायन न दिलेल्या जनावरांची) स्लाइड जवळपास कोरी दिसली, तर ती विभाजन होत नाही म्हणून, की अँटीबॉडी चाललीच नाही म्हणून? यासाठी त्याच जनावराच्या लहान आतड्याचा तुकडा सोबत घेतात. आतड्याच्या ग्रंथींतील पेशी सतत विभाजित होत असल्यामुळे तिथे तपकिरी रंग दिसलाच पाहिजे, आणि तो दिसला तरच यकृतातल्या कोरेपणावर विश्वास ठेवता येतो. कंट्रोल आणि मात्रा दिलेल्या गटांच्या स्लाइड एकाच बॅचमध्ये रंगवाव्या लागतात, नाहीतर रंगातला फरक रसायनामुळे पडला की बॅचमुळे, हे कोणीच सांगू शकत नाही. मुलाखतीत नेमके हेच विचारतात. आपल्याकडे कपाशीवर फवारणी करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचे निर्णय अशा स्लाइडचाही आधार घेऊन होतात, म्हणून मला हे काम फार मोलाचे वाटते.

आणखी एक फरक असा की, इथे आपले काम ब्लॉक हातात येण्याआधीच सुरू होते. नमुना दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, ऊतीच्या किमान दहापट द्रवात, २४ ते ४८ तास ठेवावा, आठवडेच्या आठवडे पडू देऊ नये, हे संशोधकाला नेक्रॉप्सीपूर्वीच, म्हणजे जनावराच्या शवविच्छेदनाआधीच, सांगावे लागते. वृषण बहुधा मॉडिफाइड डेव्हिडसन या फिक्सेटिव्हमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) ठेवतात, तेव्हा निवडलेली अँटीबॉडी त्या फिक्सेटिव्हमध्ये चालते का, हे आधी पाहावे लागते. प्रत्येक अँटीबॉडीचा लॉट नंबर, डायल्यूशन, रिट्रीव्हल बफरचा (फॉर्मलिनमुळे झाकली गेलेली प्रथिने पुन्हा उघडी करणाऱ्या द्रावणाचा) पीएच आणि वेळ यांची नोंद त्याच वेळी होते. चूक झाल्यास मूळ नोंद वाचता येईल अशी एकच रेघ मारून कारण, तारीख आणि सही करतात. व्हाइटनर चालत नाही.

खानदेशातला तुमचा अनुभव कमी लेखू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की ब्लॉक मऊ पडतो आणि रिबन (सलग कापांची पट्टी) चुरगळते, म्हणून ब्लॉक बर्फावर थंड करून पहाटेच सेक्शन कापावे लागतात. वीज गेली की फ्रीजमधल्या अँटीबॉडीची काळजी लागते. फ्रीजच्या तापमानाची वही तुम्ही ठेवत असाल, तर ते आवर्जून सांगा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. जर्मनीतील रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करायचे तर तिथल्या व्यवसायाची रीतसर मान्यता लागते. संशोधन प्रयोगशाळेला ती अट नाही. पदवी मात्र अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन सूचीत तपासावी आणि तिथे नीट जुळली नाही तर तुल्यतेचे निवेदन मागवावे. नोव्हेंबर २०२३ पासून मान्य पदवीधारकाला आपल्या विषयाबाहेरची कुशल नोकरीही घेता येते, आणि जून २०२४ पासून नोकरी शोधण्यासाठी चान्सेनकार्टे हा निवास परवाना मिळतो. तरी मी नोकरीचे पत्र हातात घेऊनच निघायला सांगेन. दुसऱ्या पदवीची गरज नाही. जर्मन बी-१ या मध्यम पातळीपर्यंत शिका, कारण रसायनांच्या सुरक्षिततेच्या सूचना बऱ्याच ठिकाणी जर्मनमध्येच देतात, आणि फॉर्मलिन व डीएबी (तपकिरी रंग देणारे रसायन) हाताळताना त्या अर्धवट कळून चालत नाहीत.

तोवर एक गोष्ट खानदेशातूनच सुरू करता येईल. शिरपूर किंवा धुळ्याच्या एखाद्या फार्मसी महाविद्यालयात मान्यताप्राप्त प्राणिगृह असेल, तर प्राण्यांवरील प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीच्या परवानगीने झालेल्या अभ्यासातले रॅटच्या यकृताचे आणि आतड्याचे उरलेले ब्लॉक रीतसर मागा. त्यांवर एकच अँटीबॉडी सायट्रेट पीएच ६ आणि ट्रिस-ईडीटीए पीएच ९ अशा दोन्ही बफरमध्ये, चार-पाच डायल्यूशनला, सर्व कंट्रोलसह लावा आणि निवड का केली हे दोन पानांत लिहून फोटोंसह अर्जाला जोडा. रुग्णांच्या स्लाइडचे फोटो मात्र जोडू नका. गोपनीयतेबद्दल जर्मनीत फार काटेकोरपणे पाहतात.